देवाची ओळ

सुब्बाराव लिहायचे तो प्रत्येक प्रोग्राम श्रीने सुरू व्हायचा. हे श्री वहीच्या पानावर नव्हतं, थेट मशीनच्या पोटात होतं. बनशंकरीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची कंपनी होती आणि त्या कंपनीचा माल एकच, ‘सेतू’. मुख्य कचेरीत बसलेला अवाढव्य मेनफ्रेम आणि दूरच्या एखाद्या कारखान्यातला मध्यम आकाराचा संगणक, दोघांची लिपी वेगळी, वळण वेगळं. एकाकडची फाइल टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याकडे न्यायची आणि तिथे त्याला कळेल अशा लिपीत उतरवून ठेवायची, हे सेतूचं काम. सुब्बारावांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी या कानडी शहरात आलेलं, चिकपेटेत कापडाचं दुकान. पान कुठलंही असो, पहिली ओळ देवाची, हे वडिलांनी लहानपणीच कान पिळून शिकवलेलं. त्यामुळे सेतूवरून कुठलीही फाइल निघाली की सगळ्यांच्या पुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली श्रीची एक ओळ निघायची आणि तिच्यामागून बाकीची वरात.

आसावरीला हे पहिल्या दिवसापासून हास्यास्पद वाटत होतं. ती पुण्याहून आलेली, सत्तावीस वर्षांची, कामाला वाघ आणि जिभेला धार. देवाचं तिला वावडं नव्हतं, घरी गणपती बसायचा तर आरतीला ती पुढे असायची. पण देवानं देव्हाऱ्यात बसावं, प्रोग्राममध्ये लुडबुड करू नये, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते तिनं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवलंही होतं.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये सुब्बाराव निवृत्त झाले. निघताना सगळ्यांना म्हैसूरपाक वाटत ते तिच्या टेबलापाशी थांबले.

“आसावरी अक्का, एक सांगून ठेवतो. ते श्री कधी काढायचं झालं तर मला एक फोन टाका. घरीच असतो. स्वल्प दोन्ही टोकांना बघावं लागतं.”

“हो हो, नक्की,” ती तोंडात म्हैसूरपाक असतानाच म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकलाय देवात, असं तिला वाटलं आणि तिनं तो विषय तिथेच सोडला.

मे महिन्यात कंपनीचे मालक अजित तिच्याकडे आले. अमेरिकेहून पाहुणे येणार होते, माल बघणार होते, आवडला तर विकत घेणार होते. “सगळं झाडूनपुसून लख्ख कर. कोड उघडून बसतील ते लोक. त्यांना त्यात देव दिसायला नकोत,” अजित म्हणाले. आसावरीला तेवढंच हवं होतं. मेनफ्रेमच्या बाजूच्या प्रोग्राममधली ती ओळ तिनं शोधून काढली. पुसण्याआधी तिचा हात क्षणभर फोनकडे गेला, हे खरं आहे आणि ते इथे सांगायलाच हवं. पण फोन करून विचारायचं काय? देव काढू का? आणि ते नको म्हणाले तर? तिनं फोन केला नाही. ओळ पुसली.

तिनं एक फोन केला असता तर सुब्बारावांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं. कारखान्याच्या बाजूचा प्रोग्रामही त्यांचाच. तिथे आलेल्या फाइलची यादी छापली जाते, भिंतीवर लागते, आठवड्यानं फाटते, केराच्या टोपलीत जाते, कुणाच्या तरी पायाखाली येते. देवाचं नाव पायाखाली येऊ नये म्हणून त्या टोकाला त्यांनी व्यवस्था करून ठेवली होती : आलेली पहिली ओळ मोजायची, पण उतरवायची नाही. ती काय आहे हे बघायचंसुद्धा नाही. सोडून द्यायची. आता श्री निघत नव्हतं, आणि ते टोक मात्र पूर्वीसारखंच पहिली ओळ सोडून देत होतं.

आसावरीनं चाचणी घेतली. पाठवलेल्या ओळी बेचाळीस, पोचलेल्या ओळी बेचाळीस. पूर्वी नावं बेचाळीस असली की दोन्हीकडे त्रेचाळीस यायचे आणि नव्या माणसाला त्याचं कारण समजावत बसावं लागायचं. आता कसं स्वच्छ! ती स्वतःवर खूश झाली. पोचलेल्या ओळी फाइलमध्ये उतरल्या किती, हे तिनं पाहिलं नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी सेतूची नवी आवृत्ती चालू झाली.

सेतूच्या गिऱ्हाइकांत आनेकलजवळचा एक बॅटरीचा कारखाना होता. बॅटरी म्हणजे शिसं. ते वितळवायचं, ओतायचं, कापायचं, घासायचं. आणि कितीही काळजी घेतली तरी ते माणसाच्या श्वासातून, बोटांतून, डब्यातल्या भाकरीतून रक्तात उतरायचं. म्हणून ओतकामावरच्या कामगारांचं रक्त नियमानं तपासलं जाई. रक्ताच्या बाटल्या शहरात मुख्य कचेरीच्या प्रयोगशाळेत जात, आकडे मेनफ्रेममध्ये चढत आणि दर सोमवारी सकाळी दहा वाजता सेतूवरून एक फाइल आनेकलला येई. मर्यादेच्या वर गेलेल्यांची यादी. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा त्याचं नाव सगळ्यांत वर, आणि मग उतरत्या क्रमानं बाकीचे. यादीत नाव आलं की त्या माणसाला त्याच दिवशी भट्टीपासून हलवायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. पूर्वी प्रयोगशाळेचे कागदही येत. संगणक आल्यावर ते बंद झाले, कारण एकच गोष्ट दोनदा कशाला?

नवी आवृत्ती नीट चालते का ते बघायला आसावरी जुलैच्या पहिल्या सोमवारी आनेकलला गेली. बस रागीच्या शेतांमधून गेली, धुळीनं केस भरले, आणि कारखान्याच्या फाटकाशी उतरल्यावर तोंडात एक गोडसर धातूची चव आली. संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत अनुसूयाबाई होत्या. आनेकलच्याच जुन्या मराठी घरातल्या, पंचेचाळिशीच्या, आयुधपूजेला संगणकाला हळदकुंकू लावणाऱ्या आणि बाकीचे दिवस त्याच्यावर धुळीचा कणही बसू न देणाऱ्या.

यादी छापून झाली होती. ती भिंतीवरच्या फळीला लावली जात असताना खिडकीपाशी एक कामगार येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. रंग गेलेला, गाल बसलेले.

“अक्का, बघा की माझं.”

“नाही रे गिरीधर, नाही तुझं नाव,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “हा ओतकामावरचा गिरीधर. दर सोमवारी हजर! आणि गिरीधर, या आसावरी अक्का. यादी आणणारं मशीन यांचं.”

गिरीधरचा चेहरा उजळला. सलग सहा महिने भट्टीवर टिकला तर दसऱ्याला तो मेस्त्री होणार होता. मागच्या वर्षी दोनदा यादीत नाव येऊन त्याला अंगणातल्या कामावर टाकलं होतं आणि दोन्ही वेळा मेस्त्रीपण हुकलं होतं. “तुमचं मशीन चांगलं आहे अक्का,” तो म्हणाला. “पाच सोमवार झाले, नाव नाही.” त्यानं खिडकीतून तिच्यासाठी कॉफीचा पेला पुढे केला. पेला कलंडला आणि कॉफी तिच्या वहीवर सांडली. तो ओशाळला. “हात सुन्न पडतोय स्वल्प. झोपेत अंगाखाली आला असेल.”

“असू दे हो,” आसावरी म्हणाली आणि वही झटकली. त्यानं केलेलं कौतुक ऐकून तिला बरं वाटलं होतं. सांडलेल्या कॉफीचं तिनं मनावर घेतलं नाही.

पुढची भेट एकवीस ऑगस्टला. त्या दिवशीही सोमवारच होता. साडेदहाच्या सुमारास ती पोचली तेव्हा गिरीधर खिडकीपाशी आधीच उभा होता. तिनं त्याला लगेच ओळखलं नाही. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. तो हसला तेव्हा दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, निळसर काळी रेघ दिसली. पेन्सिलीनं ओढल्यासारखी सरळ. आणि त्याचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. तो उचलायला गेला की कोपर वर यायचं, पंजा यायचा नाही.

“नाव नाही, अक्का,” तो आपणहून म्हणाला. “आता दसराच.”

“हाताला काय झालं?”

“डॉक्टर म्हणाले, अंगाखाली दबला. पोटातही कळा येतात. त्याला पित्ताच्या गोळ्या दिल्यात.”

“शिसं नाही ना?”

“यादीत नाव कुठं आहे?” तो म्हणाला. डॉक्टरनंही अगदी हेच विचारलं होतं. गिरीधरनं डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीशी धरला आणि तो भट्टीकडे चालू लागला.

आसावरी आत गेली. अनुसूयाबाई यादीचा कार्बन पुढ्यात घेऊन पेन्सिलीनं नावांना आकडे घालत होत्या. शेवटच्या नावाला त्यांनी एक्केचाळीस घातला. खाली मशीननं छापलं होतं, आलेल्या ओळी बेचाळीस. त्याच्यापुढे बाईंनी लिहिलं, उणे एक. मग बरोबरची खूण केली.

“हे उणे एक कशाचं?”

“देवाचा एक, अक्का,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “सुब्बाराव अण्णांनीच शिकवलंय. मशीन एक जास्त सांगणार, तो देवाचा. तो सोडून मोजायचं. पाच वर्षं झाली, दर सोमवारी जमतंय बघा.”

“पण देव आता नाही त्यात.” आसावरीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “देव मी मे महिन्यातच काढला.”

“अय्यो. मग हा एक कोण?”

मशीनचं गुणगुणणं एकदम मोठं ऐकू येऊ लागलं. दोन्ही टोकांना बघावं लागतं. म्हैसूरपाकाचा घास तोंडात असताना ऐकलेलं ते वाक्य आता तिच्या कानात शब्द न् शब्द उमटलं, आणि त्यात देवाचं काहीच नव्हतं. ते एका प्रोग्रामरनं दुसऱ्या प्रोग्रामरला सांगितलेलं साधं कामाचं वाक्य होतं.

तिनं मुख्य कचेरीला फोन लावला. तीनदा लाइन तुटली, चौथ्यांदा लागली. मेनफ्रेमवरच्या ऑपरेटरला तिनं आजच्या फाइलची पहिली ओळ वाचायला सांगितली.

“कामगार क्रमांक तीन एक शून्य सात,” त्यानं वाचलं. “आकडा एकशे अठरा.”

“मर्यादा किती आहे?” तिनं रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं.

“साठ,” अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं होतं. बोट क्रमांकावर थांबलं, पण नाव उच्चारायचं धाडस त्यांना होईना. आसावरीनं वाकून पाहिलं. पाहण्याची गरज नव्हती.

“मागच्या सोमवारची?” तिनं ऑपरेटरला विचारलं.

“तीन एक शून्य सात. त्याच्या मागच्या सोमवारची, थांबा हं. तीन एक शून्य सात. मॅडम, मागे जूनपर्यंत तोच आहे वरती. आकडा तेवढा वाढत गेलाय.”

वाढणारच होता. पहिला असल्यामुळे तो यादीतून गळत होता, यादीत नसल्यामुळे भट्टीवर राहत होता, आणि भट्टीवर राहिल्यामुळे पुढच्या सोमवारी पुन्हा पहिला येत होता. बाकीच्यांना मशीन एकेक करून वाचवत होतं.

ती अनवाणीच ओतकामाच्या शेडकडे धावली. आत डोळ्यांना झोंबणारा धूर होता. गिरीधर भट्टीपाशी उभा होता आणि डाव्या हातानं पळी चालवत होता. शेडचा मेस्त्री आडवा आला. तिनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“यादी लागलीय बाहेर, त्यात याचं नाव नाही. नाव नसताना माणूस सोडला तर उद्या साहेब मला विचारतील. कागद आणा, लगेच सोडतो.”

त्याचं काय चुकलं? सगळ्यांनी मशीनवर विश्वास ठेवायचा असं ठरलं होतं, तो ठेवत होता. आसावरी पुन्हा धावत संगणकाच्या खोलीत आली आणि फाइल परत पाठवा असं सांगायला फोन उचलला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की परत पाठवून काही होणार नाही. दहादा पाठवली तरी या टोकाला पहिली ओळ गळणारच. हे टोक दुरुस्त करायला लागणारा प्रोग्राम बनशंकरीत होता, आणि बनशंकरीहून इथे यायला दोन तास.

“ऐका,” ती ऑपरेटरला म्हणाली. “फाइल उघडा. सगळ्यांत वर एक नवी ओळ घाला. मग पाठवा.”

“त्या ओळीत काय लिहू?”

काहीही चाललं असतं. एक टिंबसुद्धा चाललं असतं. “श्री,” आसावरी म्हणाली. “श्री लिहा.”

फाइल निघायला वीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात तिनं बनशंकरीला फोन करून अजितना सगळं सांगितलं.

“इतर ठिकाणी मी बघतो,” ते म्हणाले. “नऊ गिऱ्हाइकं आहेत. कुणाची पहिली ओळ काय होती कुणास ठाऊक. आसावरी, त्या माणसाचं नाव आज येतंय ना यादीत? मग आज आलं एवढंच म्हण. जूनचं काढू नकोस. अमेरिकेचा करार व्हायचाय, वीस जणांच्या नोकऱ्या आहेत. तुझी पण.”

तिनं फोन ठेवला. अजितची चीड यावी तर तेवढंही बळ नव्हतं, कारण ते म्हणत होते तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं, त्यांच्या आधी.

प्रिंटर कुरकुरत चालू झाला. बेचाळीस नावं. सगळ्यांत वर गिरीधर. खाली छापलं, आलेल्या ओळी त्रेचाळीस. अनुसूयाबाईंनी सवयीनं पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. कागद फाडून घेऊन त्या स्वतः शेडकडे गेल्या.

मेस्त्रीनं शब्द पाळला. पाच मिनिटांत गिरीधर संगणकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसला. दवाखान्याची गाडी यायची होती. अनुसूयाबाईंनी त्याला पाणी दिलं, ते तो डाव्या हातानं प्याला. यादी त्याच्या मांडीवर होती. आपलं नाव त्यानं दोनदा वाचलं.

“गेलं मेस्त्रीपण,” तो म्हणाला. मग आसावरीचा चेहरा बघून त्यालाच तिची दया आली असावी. “राहू दे अक्का, रडू नका. एका परीनं बरंच झालं. आज पहिल्यांदा नाव आलं, म्हणजे आत्ताच कुठं लागलंय. मागच्या वर्षी असंच होतं. महिनाभर अंगणात काम केलं, बरा झालो. हातही येईल ना?”

त्यानं तिला वाट मोकळी करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. अजित खूश, करार पक्का आणि या माणसालाही चार दिवस धीर. आसावरी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“आज पहिल्यांदा नाही आलं, गिरीधर,” ती म्हणाली. “जूनपासून दर सोमवारी येत होतं. आणि दर सोमवारी पहिलं. माझ्या मशीननं ते टाकून दिलं. मी एक ओळ पुसली होती, कुणाला न विचारता. तिच्या जागी तुमचं नाव जात होतं. आज धरून बारा झाले. अकरा सोमवार तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

त्याला लगेच कळलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग अनुसूयाबाईंकडे. त्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला.

“अकरा?” गिरीधर म्हणाला.

तो मोजू लागला. सवयीनं त्यानं उजवी मूठ पुढे धरली आणि जूनच्या पहिल्या सोमवारासाठी अंगठा उघडायला गेला. अंगठा उघडेना. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हातानं तो अंगठा धरला आणि वर उचलला. एक. मग त्याच्या शेजारचं बोट उचललं. सोडल्याबरोबर ते खाली पडलं, तेव्हा त्यानं पुन्हा उचललं. दोन. गाडीवाला हाका मारत होता. कुणीही उठलं नाही. त्यानं करंगळीपर्यंत पाची बोटं उचलून झाल्यावर मान वर केली आणि आसावरीकडे पाहिलं. अजून सहा राहिले होते.